अर्धा सेकंद म्हणजे एक वीत

35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम सरकतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाला 12 फ्रेम लागतात आणि 12 फ्रेमची लांबी भरते नऊ इंच. अंगठा आणि करंगळी ताणली की पडते ती वीत. हे माप हाताशी ठेवा आणि चला. वाटेत बरेच काळ लागतील, बऱ्याच खोल्या लागतील. प्रत्येक खोलीत तुम्हाला एकच काम करायचं आहे : एका शॉटच्या शेवटची वीतभर फीत कमी करायची. ती कमी करायला काय मोजावं लागतं ते पाहा. कापलेली वीत पुढे कुठे जाते, तेही पाहा. हा दुसरा प्रश्न मला जास्त जिव्हाळ्याचा आहे.

पहिला मुक्काम दादर, 1913 सालची सुरुवात. रात्र झाली आहे. मथुरा भवन नावाच्या बंगल्यात तुम्ही शिरता तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’च्या युनिटमधल्या सगळ्यांची जेवणं उरकली आहेत, स्वयंपाकघर आवरलं आहे. आतल्या खोलीच्या खिडक्या घट्ट बंद आहेत आणि तांबड्या दिव्याच्या उजेडात सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत बसल्या आहेत. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं नसतात. ती घरीच, यंत्रातून, हाताने पाडायची. छिद्र जरा इकडेतिकडे झालं तर पडद्यावर चित्र नाचतं. दिवसभर सगळ्यांसाठी रांधून ही बाई रात्री मिलिमीटरच्या हिशेबाचं काम करते आहे. भारतातल्या चित्रपटतंत्राचा इतिहास लिहिताना पहिल्या पानावर हे चित्र असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सकाळी दादासाहेब छापलेली फीत खिडकीशी धरतात. तुम्हीही धरा. हरिश्चंद्र, तारामती, त्यांचा मुलगा, सगळे बोटाच्या पेराएवढे. हलती आकृती दाखवणारं यंत्र इथे नाही. फीत हातातून ओढत जायची आणि हालचाल मनात चालवायची. कॅमेऱ्याच्या हँडलचा एक फेरा म्हणजे आठ फ्रेम, असा त्या काळचा रिवाज. सेकंदाला साधारण दोन फेरे. म्हणून तुमची वीत इथे दीड फेऱ्याची, पाऊण सेकंदाची आहे. कात्री चालवा. टोकाचा थर खरवडा, त्यावर उग्र वासाचं सिमेंट लावा, दुसरं टोक चढवून दाबून धरा. झालं. कापलेला तुकडा पत्र्याच्या डब्यात पडला. कोणीही तो उचलून उजेडाला धरला तर काय कापलं ते त्याला दिसेल.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याची चार रिळं मिळून सुमारे 3,700 फूट भरत. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं एवढंच आहे. तेही फाळक्यांनी 1917 साली पुन्हा केलेल्या आवृत्तीतलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. मधली रिळं नाहीत. त्या पत्र्याच्या डब्याचा प्रश्नच येत नाही.

लॉस एंजेलिसला फार थांबू नका. 1924 साली इवान सेरुरिए या मूळच्या डच इंजिनिअरने घरी बसून सिनेमा पाहण्यासाठी बनवलेलं यंत्र तिथे संकलकांच्या हाती आलं. मूव्हिओला. भिंगातून पाहा, पायाने चालवा, हवं तिथे थांबवा. हालचाल मनात चालवण्याची गरज संपली, एवढं लक्षात ठेवून परत या.

पुण्यात, प्रभातच्या आवारात, 1936. ‘संत तुकाराम’ तयार होतो आहे. आता तुमच्या हातात एक नाही, दोन फिती आहेत : एक चित्राची, एक आवाजाची. चित्रातली वीत कापली की आवाजातलीही कापायची, नाहीतर ओठ एकीकडे आणि अभंग दुसरीकडे. दोन्ही एकत्र छापलेल्या प्रतीत तर आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारी जागा खिडकीच्या पुढे आहे. म्हणून त्या प्रतीला कात्री लावली की एक काहीतरी तुटतंच. सगळे निर्णय त्याआधी, दोन्ही फिती वेगळ्या असतानाच घ्यावे लागतात. इथून निघताना एकदा रिळांच्या कपाटाकडे बघून घ्या. ही फिल्म नायट्रेटची आहे, पेट घेतला तर पाण्याखालीही जळणारी. जानेवारी 2003 मध्ये याच आवारातल्या साठ्याला आग लागली आणि प्रभातची मूळ नायट्रेट रिळं जळाली. प्रती होत्या म्हणून चित्रपट राहिले.

आवार तेच ठेवा, वर्षं पुढे सरकवा. 1970 च्या दशकाचा मध्य. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या जागेत 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. संकलनाच्या खोलीचं दार ढकला. इथे मी तुम्हाला जास्त वेळ ठेवणार आहे.

मधोमध हॅम्बुर्गहून आलेलं स्टीनबेकचं टेबल. त्यावर आडव्या तबकड्या : एका जोडीवर चित्र, बाकीच्यांवर आवाजाची चुंबकीय फिल्म. डाव्या हाताच्या तबकडीवरून फीत निघते, काचेच्या छोट्या पडद्यामागून जाते आणि उजव्या हाताला गुंडाळली जाते. पांढरे सुती मोजे चढवा. काल रात्री सहायकाने रशेस, म्हणजे चित्रीकरणाच्या कच्च्या प्रती, जुळवून ठेवले आहेत. क्लॅपच्या फळ्या मिटल्या त्या फ्रेमवर मेणाच्या पेन्सिलीने फुली, आवाजात ‘टक्’ वाजलं तिथेही फुली. फुलीसमोर फुली बसली की माणूस बोलू लागतो. फिल्मच्या कडेला दर फुटाला छापलेले आकडे त्याने एका जाड वहीत उतरवले आहेत : शॉट, टेक, कुठून कुठपर्यंत, काय घडतं, काय बिघडलं.

तरफ पुढे ढकला. शॉट चालतो. एक बाई दारात उभी राहून रस्त्याकडे पाहते आहे. ती वळते, दार मोकळं होतं, आणि मोकळं दार थोडं जास्त वेळ दिसतं. हे जास्तीचं कापायचं. मागे घ्या, पुन्हा चालवा. ज्या फ्रेमवर हात आपोआप थांबतो तिथे उभी रेघ मारा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. हात त्याच फ्रेमवर थांबला तर रेघ खरी. फीत उचला, स्प्लायसरच्या खाचेत छिद्रं बसवा, पातं दाबा. पुढचा शॉट आणून जोडा, पारदर्शक चिकटपट्टी ओढा, दाबा. सिमेंटच्या जोडात दर वेळी फ्रेम वाया जायची, इथे एकही जात नाही. आवाजाच्या फितीतूनही तेवढीच वीत काढा.

ती वीत आता तुमच्या बोटांत लोंबते आहे. तिला नाव द्यायचं, आकडा द्यायचा आणि बिनमध्ये टांगायची. बिन म्हणजे कापडी पिशवी लावलेली मोठी पेटी. तिच्यावरच्या आडव्या पट्टीला खिळे असतात आणि त्या खिळ्यांवर कापलेल्या फिती शेवया वाळत घातल्यासारख्या लोंबत असतात. पुन्हा चालवून पाहता. आता दार फारच लवकर नाहीसं होतं. त्या बाईचं जाणं डोळ्यांत उतरायच्या आत आपण दुसरीकडे पोहोचलो. चार फ्रेम परत हव्यात.

“तेवीस बाय चारचा टेल कुठाय?”

“हा घ्या सर, टेक दोन.”

वितीतल्या चार फ्रेम परत जोडल्या जातात. हा जोड पुढे कायम राहील, पुन्हा चालवताना खटकन वाजेल, आणि तुम्ही इथे अडखळला होतात हे फितीवर दिसत राहील. शेवटी प्रयोगशाळेत कोणीतरी कडेचे आकडे वाचून मूळ निगेटिव्ह त्याप्रमाणे कापेल. तिथे चूक झाली तर दुरुस्ती नाही. त्यामुळे या खोलीत लोक कापण्याआधी बोलतात, भांडतात, चहाला जाऊन येतात.

एक गोष्ट इथे शिकून घ्या. हवा तो शॉट शोधायला तुम्हाला आख्खं रीळ पुढे-मागे न्यावं लागतं. त्या प्रवासात न मागितलेले शॉट डोळ्यांसमोरून जातात : क्लॅपच्या आधी ओठ दाबून उभा असलेला नट, ‘कट’ म्हटल्यावर सैल झालेला चेहरा. कितीतरी चांगल्या जागा संकलकांना अशाच सापडल्या आहेत. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने हा मुद्दा आपल्या पुस्तकात फार नेमका मांडला आहे आणि तो मला आजही पटतो. याच खोल्यांतून रेणू सलुजा 1976 साली बाहेर पडल्या. ‘जाने भी दो यारो’ची लगबग आणि ‘परिंदा’तला ताण, दोन्ही त्यांच्या हातचे, दोन्ही फिल्म हाताळून केलेले.

आता 1980 च्या दशकातली अंधेरी. वातानुकूलित खोली, बूट बाहेर. दोन यू-मॅटिक यंत्रं, दोन टीव्ही, मधे बटणांची पेटी. मोजे काढा, कारण इथे हात लावायला काही नाही. टेप उजेडाला धरलीत तर तपकिरी पट्टी दिसेल, चित्र नाही. डावीकडच्या यंत्रावरचं उजवीकडे उतरवत जायचं, एकामागून एक. दोन्ही यंत्रं पाच सेकंद मागे जातात, एकत्र धावतात आणि ठरलेल्या जागी उजवीकडचं यंत्र नोंद घेऊ लागतं.

आता तिसऱ्या मिनिटाला असलेली आपली वीत काढा. काढता येत नाही. अर्धा सेकंद कमी केला की पुढचं सगळं अर्धा सेकंद मागे ओढावं लागतं, आणि टेप ओढता येत नाही. म्हणजे तिसऱ्या मिनिटापासून शेवटपर्यंत सगळं पुन्हा उतरवा. नाहीतर झालेल्या कामाची प्रत काढून त्यातून उतरवा, पण प्रतीची प्रत म्हणजे फिकट रंग आणि थरथरत्या कडा. निर्माता घड्याळाकडे बघतो. खोलीचं भाडं तासावर आहे. “राहू दे,” तो म्हणतो, आणि ती वीत राहते. त्या काळातल्या मालिका संथ वाटतात त्याचं एक कारण या खोलीत आहे, असं माझं मत आहे.

पण इथून एक कागद खिशात टाका. महागड्या खोल्यांत संगणक संकलनाची यादी छापून देतो. प्रत्येक ओळीत कटचा क्रमांक, टेपचं नाव, टेपवरची सुरुवात आणि शेवट, तयार कार्यक्रमातली सुरुवात आणि शेवट. बस, आकडे आणि अक्षरं. कॅलिफोर्नियाच्या सीएमएक्स कंपनीने रूढ केलेली ही यादी, लोक तिला ईडीएल म्हणतात. आत्ता ती कंटाळवाणी दिसते. जपून ठेवा.

पुढचं दशक भराभर ओलांडा. 1989 साली अ‍ॅव्हिड नावाचं यंत्र बाजारात येतं. चित्र आणि आवाज संगणकाच्या डिस्कवर, आणि कट म्हणजे फक्त कुठून कुठे दाखवायचं याची सूचना. मूळ चित्राला धक्का नाही. तुम्ही एक कळ दाबता, वीत जाते. दुसरी दाबता, परत येते. पुढचं सगळं आपोआप मागे सरकतं. अंधेरीत जे अख्खी रात्र खाऊन गेलं असतं ते इथे श्वास घेण्याआधी होतं. सुरुवातीचं चित्र इतकं खरबरीत की नटाची नजर नीट कळत नाही. तरी सात-आठ वर्षांत मर्च ‘द इंग्लिश पेशंट’चं फिल्मवर सुरू केलेलं काम घरच्या अडचणीमुळे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आपल्या जागी नेतात आणि अ‍ॅव्हिडवर पुरं करतात. मार्च 1997 मध्ये त्यांना संकलनाचा ऑस्कर मिळतो. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला तो पहिल्यांदाच मिळाला. त्यांच्या खोलीत डोकवा : ते उभ्याने काम करतात आणि भिंतीवर प्रत्येक शॉटमधून निवडलेली स्थिरचित्रं ओळीने लावलेली आहेत. रीळ फिरवताना जे आपोआप दिसायचं, ते त्यांनी भिंतीवर परत आणलं आहे.

2003 च्या सुमाराला पुण्यात एखाद्या मित्राच्या घरी उतरा. पलंगाशेजारी संगणक, त्यात फायरवायरचं कार्ड. तासाभराची मिनीडीव्ही टेप आत घ्यायला तासभरच लागतो आणि तिला 13 जीबी जागा लागते. 40 जीबीच्या डिस्कवर तीन टेप आल्या की काहीतरी पुसल्याशिवाय चौथी येत नाही. पण ज्या कामासाठी अंधेरीत तासाचं भाडं भरावं लागायचं ते आता आईने चहा आणून ठेवलेल्या टेबलावर होतं. नाशिकला, सांगलीला, लातूरला लग्नाच्या व्हिडिओंवर हात बसवून संकलक झालेली एक पिढी याच टेबलांवर घडली. इन्स्टिट्यूटचं दार न पाहिलेली ही माणसं तासन्‌तास इंटरनेटवरचे धडे उतरवून घेत, इंग्रजीतून, शब्द अडला तरी चित्रावरून समजून. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

आणि मग 21 जून 2011. फायनल कट प्रो 7 वर जगभरातल्या हजारो संकलकांचं पोट आहे. अ‍ॅपलने आज नवं फायनल कट प्रो एक्स आणलं आहे आणि जुनं विकणं थांबवलं आहे. तुम्ही नवं उघडता, गेल्या वर्षीच्या माहितीपटाच्या प्रोजेक्टवर बोट ठेवता. उघडत नाही. नव्या अवजाराला जुन्याची भाषा येत नाही. पुढे 2017 च्या मॅक प्रणालीवर सातवी आवृत्ती चालेनाशीच झाली. जुनी यंत्रं जपून ठेवणाऱ्यांनी निभावलं. बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ 2019 साली आला, तो यांग जिन-मो यांनी याच सातव्या आवृत्तीवर संकलित केला होता. बाकीच्यांची कामं डिस्कमध्ये शाबूत आहेत, आणि आजच्या अवजारांना ती थेट वाचता येत नाहीत.

आता त्या पत्र्याच्या डब्याची आठवण ठेवून आजच्या टेबलावर या. आज वीत कापायला पैसे लागत नाहीत. रंग सुधारण्याची दा विंची प्रणाली एकेकाळी बड्या स्टुडिओंनाच परवडायची. ब्लॅकमॅजिकने ती कंपनी 2009 साली घेतली, 2011 पासून रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट मिळते आणि आता तिच्यात संकलन, आवाज, सगळं आहे. शिकायला साहित्यही आहे. इंडियनसिने.मा या संग्रहात कॉपीराइटची 60 वर्षं उलटून गेलेले जुने चित्रपट पाहता येतात आणि खाली अख्ख्या चित्रपटाची एक पट्टी दिसते. प्रभातचा एखादा चित्रपट तिथे लावा आणि कट कुठे पडतो ते फ्रेमवर थांबून मोजा. पॅड.मा वर चित्रपटात न वापरलेलं, कच्चं चित्रीकरण टिपणांसह ठेवलेलं आहे, म्हणजे बिनमधल्या फितीच म्हणा. इंटरनेट अर्काइव्हवर प्रेलिंगर संग्रहातल्या जुन्या फिल्म उतरवून घेऊन त्यांवर हात चालवता येतो. नव्या संकलकाने कीबोर्डच्या युक्त्या सांगणाऱ्या व्हिडिओंआधी इथे महिना घालवावा.

2023 पासून तर प्रचलित संकलनप्रणालींतही बोलण्याचा मजकूर पडद्यावर उमटतो, त्यातलं वाक्य पुसलं की चित्रातूनही ते जातं. मुलाखतींसाठी हे वरदान आहे. पण त्याच खिडकीत सगळे विराम एका फटक्यात काढून टाकणारं बटणही आहे, आणि त्याच्यापासून मी तुम्हाला सावध करतो. ते जे काढतं ते नेमकं वितीएवढं असतं : बोलून झाल्यावर माणूस जमिनीकडे पाहतो तेवढं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायालय सुट्टीसाठी बंद होतं, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि चित्र तिथेच थांबून राहतं. संकलक रिखव देसाई. त्या थांबण्यात अख्खा खटला आहे. बटणाने ते रिकामं म्हणून टाकून दिलं असतं.

शेवटचा मुक्काम पुढे, 2060. पुण्यात कोणी मुलगी तुमच्या माहितीपटावर अभ्यास करते आहे. तिला कळायचं आहे की त्या बाईचा दारातला शॉट तुम्ही कुठे कापलात, आधी किती लांब होता, परत चार फ्रेम का जोडल्यात. तिच्यासमोर तुमची डिस्क आहे आणि त्यात एक प्रोजेक्ट फाइल आहे. ती बनवणारी कंपनी कदाचित उरलेली नाही. मग ती मुलगी खाली शोधते आणि तिला साध्या अक्षरांची एक छोटी फाइल सापडते. क्रमांक, टेपचं नाव, कुठून, कुठपर्यंत. सीएमएक्सची ईडीएल आजही जवळपास प्रत्येक संकलनप्रणाली वाचते, आणि एकही प्रणाली नसली तरी डोळ्यांनी वाचता येते. फिल्मच्या कडेच्या आकड्यांनंतर एवढं टिकाऊ दुसरं काही या धंद्यात झालं नाही.

म्हणून काम पुरं झालं की प्रोजेक्ट बंद करण्याआधी एवढं करा. पहिल्या कटची आणि शेवटच्या कटची ईडीएल काढा. जोडीला एक्सएमएलही काढा, कारण ईडीएलमध्ये चित्राची एकच पट्टी मावते. शीर्षकं न घातलेली स्वच्छ प्रत ठेवा आणि संवाद, संगीत, इतर आवाज वेगवेगळे ठेवा. कॅमेऱ्याच्या फाइलींची नावं बदलू नका, नाहीतर यादीतली नावं कशालाच लागणार नाहीत. कट का बदलला ते चार ओळींत मराठीत लिहून त्याच फोल्डरमध्ये टाका. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. यादी काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. आत्ता जे काम तुमच्या टेबलावर आहे, त्याची आजच काढा.